दगडापासून पंधरा पावलं

मे महिन्यात महाबळेश्वरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सत्तरच्या दशकातही नव्हती. मी तिथल्या एका लॉजवर कामाला होतो. खोल्यांच्या किल्ल्या सांभाळायच्या, पाण्याच्या बंबाखाली जाळ आहे की नाही बघायचं आणि पाहुण्यांच्या तक्रारी हसऱ्या तोंडानं ऐकून घ्यायच्या. सूर्यास्त बघायला जावं तर पुढच्या माणसाची पाठच दिसते, ही त्यातली रोजची तक्रार. एकदा एक बाई मालकांसमोर म्हणाल्या, शांतता म्हणून इथं आलो, इथं तर आमच्या गल्लीपेक्षा जास्त कालवा आहे. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी उगाच शहाणपणा दाखवायला गेलो आणि म्हणालो, घाट उतरून खाली तापोळ्याला गेलं तर धरणाचं पाणी आहे, पाण्यात बेटं आहेत, तिथं चिटपाखरू नसतं.

बेटं हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा तेव्हाच निघाला. आम्ही त्यांना टेकड्या म्हणायचो. धरण व्हायच्या आधी त्या टेकड्यांच्या पायथ्याला गावं होती आणि त्यातलं एक आमचं होतं. पाणी चढलं, गावं खाली गेली, टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले. हे मी त्या बाईंना सांगितलं नाही. तिथं करवंदं चांगली मिळतात, एवढंच सांगितलं.

मालकांना कल्पना पसंत पडली. पुढच्याच आठवड्यापासून सकाळी जीप भरून खाली जायची, तापोळ्याला एका ओळखीच्या होडीवाल्याची होडी ठरलेली असायची, आणि मी जेवणाचे डबे, सतरंज्या आणि पाण्याचं मडकं घेऊन पाहुण्यांबरोबर बेटावर दिवस काढून संध्याकाळी वर यायचो. लोक खूश. बायका झाडाखाली पाय पसरून बसायच्या, पुरुष ट्रान्झिस्टरला कान लावून पडायचे आणि अधूनमधून, काय शांतता आहे बघा, असं जोरात ओरडून एकमेकांना सांगायचे. पहिले तीन उन्हाळे असेच गेले. आपलं बुडालेलं गाव मी लोकांना सहलीला दाखवत होतो, आणि त्याची मला फारशी लाजही वाटत नव्हती.

फक्त एका टेकडीवर तोवर मी कधी कुणाला नेलं नाही. कुणी बोट दाखवून विचारलं, तिकडे का नाही जायचं, तर तिथं फुरशी साप फार आहेत असं ठोकून द्यायचो. होडीवाल्याला ठाऊक होतं की ती टेकडी आमची. त्याचं गाव वरच्या अंगाला असल्यानं वाचलं होतं. तो वल्ही मारत खाली मान घालून हसायचा. त्याला वाटायचं, मला स्वतःच्या टेकडीवर परक्यांची उष्टी नको आहेत. कारण ते नव्हतं.

धरणाची मोजणी झाली तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. मोजणीवाले दुर्बिणी घेऊन आले आणि पाणी जिथवर येणार तिथवर, डोंगराच्या कडेकडेनं, चुना लावलेले दगड पुरत गेले. प्रत्येक दगडावर आकडा. गावात लगेच पसरलं की दगडाच्या खालचं सरकारचं, वरचं आपलं. हे कोण बोललं, कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळे तेच बोलत होते. आमचं नाचणीचं वरचं शेत दगडाच्या थोडं खाली येत होतं. जेमतेम चाळीस पावलं. माझ्या बापाला, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ही चाळीस पावलं सहन होईनात. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, मोजणीवाले पाटलाच्या ओसरीवर जेवायला गेले तेव्हा, आबांनी मला हाक मारली. आम्ही दोघांनी पहारीनं तो दगड उचकटला, लोळवत शेताच्या खालच्या बांधापर्यंत आणला आणि तिथं पुरला. घळीमुळं शेजारचा दगड आमच्या दगडावरून दिसत नव्हता. त्यामुळं ओळ मोडलेली कुणाच्या ध्यानात आली नाही.

"तुज्या आयला बोलू नगंस," आबा म्हणाले. "तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई."

आज हे सांगताना हसू येतं आणि रडूही येतं. दगड खाली आणला की पाणी खाली थांबेल, असं शहाण्यासुरत्या माणसाला वाटावं? पण आम्हाला वाटलं. पाणी आम्ही कधी एवढं बघितलंच नव्हतं. सरकार बघितलं होतं, आणि सरकार जे करतं ते दगड, खुणा आणि कागद यांनीच करतं, एवढं आम्हाला कळत होतं. दगड हलवून महिना झाला आणि आबा वरच्या शेताबद्दल अगदी सहज बोलायला लागले. गाव गेलं तरी एवढा तुकडा राहील, वर्षातून एकदा येऊन नाचणी लावू, असं ते चारचौघांत म्हणायचे. त्यांच्याकडं बघून मलाही त्या दगडाची पहिली जागा विसरल्यासारखी झाली.

मग गोवर आला. माझी धाकटी बहीण दीड वर्षाची होती. चार दिवसांत गेली. लहान लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. पुरायची जागा ओढ्याकाठी ठरलेली होती. पण आई उंबऱ्यात आडवी झाली. ओढ्याकाठी नाही म्हणाली. वरीस-दोन वर्षात तिथं पाणी येणार, माझं लेकरू पाण्यात नको. "दगडाच्या वर न्या," ती म्हणाली. "दगडाच्या वर पानी यायचं न्हाई."

बायका पुरायला येत नाहीत. आबा, मी आणि भावकीतली दोन माणसं अशी चौघं वर गेलो. आबांच्या हातावर ते गाठोडं होतं. दगड आला. आबा त्याच्या वर मोजून पंधरा पावलं चालले आणि एका ऐनाच्या झाडाखाली थांबले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. दगडाची खरी जागा अजून पंचवीस पावलं वर होती, हे त्या चौघांत आम्हा दोघांनाच माहीत होतं. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "हितंच," ते म्हणाले. मी खणलं. वर दगड रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून बोरीच्या फांद्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी आई तिथं जाऊन दूध शिंपडून आली आणि येताना तिनं पावलं मोजली. पंधरा. तिचा जीव थोडा खाली बसला.

आबा आणखी वर का गेले नाहीत, यावर मी पुढं बरंच डोकं खाजवलं. भावकीच्या माणसांनी विचारलं असतं, दगड इथं असताना एवढ्या वर कशाला, आणि मग सगळं उघडं पडलं असतं, ही भीती असेल. किंवा तोपर्यंत त्यांना खरंच वाटायला लागलं असेल की दगड आहे तिथंच पाणी थांबेल. यातलं कुठलं खरं, मला आजही सांगता येत नाही. आणि मी का बोललो नाही, हे मात्र सांगता येतं. मला बापाची भीती वाटत होती. सतरा वर्षांचा घोडा होतो, पण भीती वाटत होती.

आम्हाला सांगली जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला, विट्याच्या पलीकडं जमीन मिळाली. माळरान, वर टाचभर माती. पाण्यानं घालवलेली माणसं बिनपाण्याच्या जागी नेऊन बसवली. नाचणी आणि भात खाणाऱ्यांनी बाजरी खायला शिकून घेतलं. वरच्या शेतात नाचणी लावायला कुणी परत गेलं नाही. नोटिशीत ते शेतही होतंच. कागदावर दगड जिथं होता तिथंच होता. आबांनी ती नोटीस वाचून घेतली, घडी करून टोपीत ठेवली आणि पुन्हा त्या शेताचं नाव काढलं नाही. दुसऱ्या वर्षी ते वारले. आई राहिली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रोजगार हमीवर खडी फोडली. तिथल्या बायकांना ती सांगायची, आमच्याकडं इतकं पाणी आहे की त्यावर लाँच चालते. कुणाचा विश्वास बसायचा नाही.

मी लोकांना त्या पाण्यावर फिरवतो, हे तिला वस्तीतल्या कुणाकडून तरी कळलं. तिसऱ्या उन्हाळ्यात ती न सांगता आली. विटा ते कराड, कराड ते सातारा, साताऱ्याहून वर, अशा तीन एसट्या बदलून संध्याकाळी लॉजच्या दारात उभी. काखेत पिशवी, डोक्यावरचा पदर धुळीनं लाल.

"मुंबयच्या लोकास्नी नेतोस," ती म्हणाली, "आन मला न्हाईस व्हय रं?"

मी सगळी कारणं पुढं केली. गर्दी आहे, घाट वाईट आहे, टेकडीवर चढ आहे, तुझे गुडघे दुखतात. फुरशांचंही सांगितलं.

"फुरशी?" ती म्हणाली. "मी तितं लाकडं तोडली, शेनी थापल्या. मला फुरशी सांगतोस?" मग म्हणाली, "जागा कोरडी हाय का तेवडं बगू दे. मग मी मराय मोकळी."

ती झोपली लगेच. पाणी दगडाच्याही वर चढतं, याची मला चांगली कल्पना होती. होडीतून जाता-येता ती टेकडी मी रोज बघत होतो. पावसाळ्यानंतर पाणी कुठवर चढतं ते झाडांवरून उघड दिसायचं. पण आईला मी पत्रातून दरवर्षी, जागा आहे तशी आहे, असं कळवत आलो होतो. तिला वाचता येत नव्हतं. वस्तीतला मास्तर ते वाचून दाखवायचा आणि ती पत्र देव्हाऱ्यात ठेवायची.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये एक कुटुंब होतं. नवरा-बायको, नवऱ्याचा भाऊ, दोन मुली. आईला मी पुढं बसवलं. तिच्या मांडीवर दुधाची बाटली, बाटलीच्या तोंडाला फडक्याचा बोळा. घाट उतरताना एकेका वळणावर ती गावांची नावं घेत होती, पाण्यातली. मागं मुली गाण्याच्या भेंड्या खेळत होत्या.

होडीनं आधी त्या कुटुंबाला नेहमीच्या बेटावर सोडलं. सतरंज्या अंथरून दिल्या, डबे ठेवले. मग होडीवाल्यानं न विचारताच होडी आमच्या टेकडीकडं वळवली. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं. माथ्यावर हिरवी झाडी आणि तिच्या खाली, पाण्यापर्यंत, उघडा लाल पट्टा. त्या पट्ट्यावर गवताची काडी नसते. झाडी जिथं संपते ती रेघ विळ्यानं कापल्यासारखी सरळ असते. सगळ्या टेकड्यांना ती असते. आईनं ती पाहिली असणारच.

चिखल वाळून भेगाळला होता. मी तिचा दंड धरून चढत होतो. खालचा बांध लागला, म्हणजे त्याचे चार दगड. आणि तिथंच तो दगड. चुना कधीच गेला होता, पण आकडा हाताला लागत होता. तो दिसताच आई माझा हात सोडून वर निघाली आणि पावलं मोजू लागली. एक, दोन, मोठ्यानं. पंधराला थांबली. तिथं ऐनाचा बुंधा होता, काळा पडलेला, आणि त्याच्यापुढं पाण्यानं पाडलेली घळ. दगड नाहीत, काही नाही. इतक्या वर्षांत पाणी दरवर्षी वर चढलं होतं आणि उतरलं होतं, आणि प्रत्येक वेळी थोडी माती घेऊन गेलं होतं.

तिनं वर पाहिलं. हिरवी रेघ अजून पंचवीस पावलं वर होती.

ती रडेल असं वाटलं होतं. ती चिडली. आधी मोजणीवाल्यांना शिव्या दिल्या, मग साहेबांना, मग सरकारला. दगड चुकीच्या जागी लावला, गरिबाला फसवलं, त्यांच्या लेकरांचं वाटोळं होईल. होडीवाला खाली होडीत बसून ऐकत होता. शिव्या संपल्यावर ती घळीच्या कडेला बसली आणि तिचा आवाज बसका झाला.

"तुजं आबा आदीच गेलं, लय बरं झालं," ती म्हणाली. "त्येनी किती इश्वासानं लेकरू हितं आनलं. ह्ये बगून त्येनी जीव दिला असता रं. सादा मानूस. सरकारच्या दगडावर इश्वास ठेवला."

हे मला ऐकवेना. सरकारला किती का शिव्या देईना, माझी ना नव्हती. पण आबांचं कौतुक त्या घळीशेजारी बसून ऐकायचं, आणि मान हलवायची, हे जमेना. मी तिच्यापुढं बसलो आणि सांगून टाकलं. भर दुपारी पहार, चाळीस पावलं, दगड कसा लोळवत आणला ते. काही गाळलं नाही. बोलताना मला हलकं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला काही कळलंच नाही असं मला वाटलं.

"म्हंजी म्या दगडाच्या वर न्या म्हनलं तवा," ती म्हणाली, "तुमास्नी ठावं हुतं."

"व्हय."

"दोगास्नी बी."

"व्हय, आये."

"तू खनत हुतास."

मी मान हलवली.

"पंचवीस पावलं," ती म्हणाली. "पंचवीस पावलं वर न्याला काय झालतं रं?"

मी आबांची बाजू मांडायला लागलो, भावकी होती, भीती होती, त्यांना खरंच वाटत असेल. ती ऐकत नव्हती. दुधाची बाटली तिच्या हातात तशीच होती. मला वाटलं घळीत ओतेल. तिनं फडक्याचा बोळा अंगठ्यानं आणखी आत दाबला आणि बाटली पिशवीत ठेवली. उतरताना तिनं माझा हात धरला नाही. दोनदा घसरली, हात टेकून उठली, होडीवाल्यानं पुढं केलेला हात मात्र धरला.

नेहमीच्या बेटावर परत आलो तर त्या कुटुंबाचं जेवण झालं होतं. नवऱ्याचा भाऊ उत्साहात म्हणाला, "ते पलीकडचं बेट आणखी शांत दिसतंय. उद्या तिकडे नेणार का?" मी होडीवाल्याकडं पाहिलं. तो पाण्याकडं बघत होता. मी म्हणालो, नेईन. फुरशांची थाप आता कशाला मारायची, तेही मला कळेना. दुसऱ्या दिवशी मी त्यांना नेलंही. पुढचे सगळे उन्हाळे नेत राहिलो.

आई दुसऱ्या दिवशी पहाटेच पहिल्या एसटीनं निघून गेली. ती गाडीत बसली तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत बसली. मी चांगलं केलं असं मला वाटलं नाही आणि वाईट केलं असंही वाटून घ्यायची तयारी नव्हती. ओझं माझ्या डोक्यावरून उतरलं होतं, ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, एवढंच झालं होतं. लेकरू तिचं आधीच गेलं होतं. नवरा मरून बारा-तेरा वर्षं झाली होती, पण तो तिच्यापाशी शाबूत होता. तो त्या दिवशी गेला, आणि मी नेला.

भाद्रपदात पितृपंधरवड्याला मी रजा काढून वस्तीवर गेलो. आबांच्या तिथीला दरवर्षी ती पहाटे उठून वडे, खीर, आळूची भाजी सगळं एकहाती करायची, त्या वर्षीही केलं. घरात वास भरला होता. माझ्याशी ती गरजेपुरतं बोलत होती, पाणी दे, पाट सरकव, इतपत. पानं वाढायची वेळ झाली तशी तिनं केळीच्या पानाचा एक तुकडा घेतला, तळहाताएवढा. त्यावर थोडा भात आणि खिरीतलं दूध वाढलं आणि तो उचलून छपरावर ठेवायला निघाली. दुसरं पान काही वाढलेलं नव्हतं.

"आये," मी म्हणालो, "लेकराचं पान घालत न्हाईत."

"म्या घालनार."

"आन आबांचं?"

ती दारात थांबली, पण मागं वळली नाही.

"त्येंचं तू घाल," ती म्हणाली. "तुमी दोगं एका बाजूचं."